तुरटीचा गाळ

मुलुंडच्या सोसायटीने प्रेमाताईंना बजावलं होतं, तळं असंच हिरवं राहिलं तर काठावरची नर्सरी हलवा. पावसाबरोबर शेणखतातला फॉस्फरस तळ्यात उतरायचा आणि त्यावर शेवाळ माजायचं. त्यांची सून श्रुतिका पाणी शुद्धीकरण केंद्रात कामाला होती. तिथे उरणारा तुरटीचा गाळ फॉस्फरस धरून ठेवतो, हे तिला ठाऊक होतं. परवानगी काढून तिने वाळलेल्या गाळाची पोती आणली. "आई, वाफे आणि तळं यांच्यामध्ये याचा पट्टा घाला," एवढं सांगून ती बाळंतपणाला जोगेश्वरीला माहेरी गेली.

बाळाला घेऊन परतली तेव्हा पाणी निवळलं होतं. दसरा तोंडावर होता, पण झेंडूची पानं जांभळट पडलेली आणि कळी एकही नाही.

"गाळ कुठे घातलात, आई?"

"पट्ट्यात. उरलेला वाफ्यांत कालवला. एवढा चांगला माल, फेकू कशाला?"

"अहो, तो झाडांचंही खाणं अडवून बसतो."

तेवढ्यात सेक्रेटरी आले. पाणी झकास झालंय, नर्सरी राहू दे, म्हणाले.

"राहून विकू काय," प्रेमाताई म्हणाल्या, "पाणी?"

ते गेल्यावर श्रुतिकाने बाळ पुढे केलं. "याला धरा. ही माती काढून पट्ट्यावर टाकते, मग नवी भरू. दिवाळी आहे अजून."

"ओली बाळंतीण तू, फावडं उचलतेस? बस गपचूप तिकडे," म्हणत प्रेमाताईंनी पदर खोचला.