समुद्राला शिवण

तपासनीस साहेब, "कॅमेरा एकच आहे, मी तपासला," असं लिहून सही तुम्हीच ठोकलीत! त्या कागदावर विसंबून चमत्कारी बाबांच्या दर्शनाला जमलेलं अख्खं सभागृह आ वासून पडद्याकडे बघत बसलं. कॅमेरा एक, चित्र एक, आणि चित्रात बाबा एकाच क्षणी चार ठिकाणी: डोंगरावर, समुद्रकाठी, जंगलात, वाळवंटात!

"जो चारी दिशांना आहे, त्याच्यापुढे सुई काय नि गोळी काय!" चारही बाबा एका सुरात गरजले. "औषधं सोडा, मला धरा!"

"समुद्रावर पाठमोरे का हो?" मागून कुणीतरी विचारलं.

"लाटांना दर्शन देताहेत. गप!"

सासऱ्यांना घेऊन सभागृहात बसलेली शिंपीणबाई रडकुंडीला आली होती. ही दर्शनं सुरू झाल्यापासून चार दिवस त्यांनी हृदयाच्या गोळ्यांना हात लावला नव्हता. जिना चढताना धाप लागे, तरी म्हणत, "सूनबाई, बाबा सगळीकडून बघताहेत."

बघत तीही होती. समुद्राच्या कोपऱ्यात, ऐन लाटेच्या पोटात, तिला वीतभर ठिगळ दिसलं. निळा दोरा संपला म्हणून हिरव्याने जोडलेलं! गेल्याच महिन्यात एकाने फोटो स्टुडिओसाठी म्हणून तिच्याकडून चार चित्रांचे पडदे शिवून नेले होते.

"अगं बाई! समुद्राला माझी शिवण?"

मागच्या बंद खोलीच्या दाराशी दोन शिष्य उभे. तिने गळ्यातली टेप नाचवली. "पडदा आखूड झालाय ना? माप घ्यायचंय." दार उघडलं. टेपवालीला कोण अडवतो?

आत मधोमध स्टुलावर बाबा. भोवती चार पडदे, प्रत्येकाच्या फटीतून डोकावणारा एकेक वेबकॅम. चारही वायरी एका कॉम्प्युटरला. तो चार चित्रं एकात बसवून पुढे एकच कॅमेरा म्हणून धाडत होता. झाला चमत्कार!

ती बाबांशेजारी जाऊन उभी राहिली. सभागृहात एकच गलका.

"अहो, तुमची सून प्रकटली! चार ठिकाणी!"

"मामंजी," चारही सुना कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी मागच्याच खोलीत आहे." आणि तिने समुद्र खसकन ओढला. समुद्र कोसळला, मागे भिंत निघाली, भिंतीला टेकलेला झाडू निघाला. बाबा स्टुलाखाली शिरू लागले. तेही चारी बाजूंनी दिसले! हसून हसून लोक खुर्च्यांवरून घसरले.

सासऱ्यांनी डोळे पुसले. "सूनबाई, माझ्या गोळ्या गं?"

"तुमच्याच खिशात आहेत, मामंजी. चार दिवस तिथेच आहेत."

लोकहो, चित्र एक दिसलं म्हणून कॅमेऱ्याचा डोळा एकच असतो असं नाही. नमस्कार करण्याआधी पडद्यामागे जाऊन या. बाबा खरा असला, तर पळून जाणार नाही.

आणि साहेब, तुम्ही सभागृहातल्या कॉम्प्युटरवर कॅमेऱ्याचं एक नाव वाचलंत नि सही केलीत. दोन पावलांवर ती खोली होती. दार का उघडलं नाहीत? त्या म्हाताऱ्याला काही झालं असतं, तर कुणी निस्तरलं असतं? उत्तर द्या.