ऑगस्टमधलं नाटक

“बादली, मेंढी, काच, पूल, लोणी, शिट्टी, कोट, दगड, खिडकी, मीठ.” डॉक्टर मॅकइनर्नींनी यादी तिसऱ्यांदा वाचली आणि कागद पालथा घातला. “हं, सांग. क्रम कसाही चालेल.”

डेर्व्हलाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. ते थरथरत होते आणि ते डॉक्टरांना दिसायला नको होतं.

“बादली,” ती म्हणाली. “मेंढी. काच. मीठ.”

डॉक्टरांच्या पाठीमागच्या खिडकीतून सरावाचं मैदान दिसत होतं, त्यावर कुणीतरी रंगाची गाडी ढकलत पांढऱ्या रेघा मारत होतं. तिकडे नजर गेली आणि तिला आठवलं.

“खिडकी.”

“आणखी?”

आणखी काही नव्हतं. शब्द तीन वेळा कानावर पडले होते, तिने ते ओठातल्या ओठात घोकलेही होते, आणि आता आत हात घालून चाचपडावं तर हाताला काहीच लागत नव्हतं.

“बस्स. एवढेच.”

“बरं. आता महिने. डिसेंबरपासून उलटे.”

“डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, ऑगस्ट, जुलै...”

डॉक्टरांची भुवई वर गेली. ती का गेली ते तिला कळलं नाही. डेर्व्हला जानेवारीपर्यंत पोचली आणि हे तरी धड जमलं म्हणून तिने श्वास सोडला.

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि ते चक्क हसायला लागले.

“नऊ वर्षं तुझी ही चाचणी घेतोय मी, डेर्व्हला. दर ऑगस्टला सहा शब्द. ना एक कमी, ना एक जास्त. मला काय कळत नाही होय? पण या वेळी तू कमालच केलीस. पाच शब्द, आणि वर सप्टेंबरच गिळून टाकलास.”

सप्टेंबर. तिने मनातल्या मनात पुन्हा मोजून पाहिलं. खरंच की. तरी ती हसली, कारण डॉक्टर हसत होते.

नाटक म्हणाल तर त्याची सुरुवात तिनेच केली होती. हंगामाच्या आधी प्रत्येकीचं डोकं असं तपासून ठेवतात. पुढे सामन्यात कुणाचं डोकं आपटलं की तिला हेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं ऑगस्टच्या कागदाशी ताडून पाहायची. कमी भरली की बाई बाहेर, दोन-तीन आठवडे तरी. मग काय, तिने यातून वाट काढली. ऑगस्टमध्ये गाढव व्हायचं. येत असलेले चार शब्द मुद्दाम गाळायचे, म्हणजे मार्चमध्ये डोकं गरगरत असलं तरी तेवढे सहा येतातच. डेर्व्हलाने हे अर्ध्या संघाला शिकवलं होतं. चौतीस वर्षांची, देशासाठी बासष्ट सामने खेळलेली, रग्बीत दोन्ही संघ एकमेकींना रेटतात त्या स्क्रमच्या पहिल्या रांगेत मान घालून उभी राहणारी बाई. पोरी तिला आजी म्हणत आणि आजीचं ऐकत.

या वर्षी मात्र तिने एकही शब्द गाळला नव्हता.

जुलैत गावाकडून येताना ती एनिसच्या सर्कलला तीन फेऱ्या मारत राहिली होती. पंधरा वर्षांचा रस्ता, आणि त्यातली घरची वाट कुठली ते कळेना. मागचे गाडीवाले भोंगे वाजवत होते. शेवटी तिने गाडी पेट्रोल पंपावर घेतली आणि हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली, आईचा फोन येईपर्यंत. त्याआधी फाटक उघडं राहून भावाच्या कालवडी रस्त्यावर गेल्या होत्या. त्याआधी चर्चमध्ये सख्ख्या मावशीसमोर उभं राहून तिला तिचं नाव आठवलं नव्हतं. आईला वाटत होतं की पोरगी किल्ल्या हरवते आहे, म्हणून ती सेंट अँथनीपुढे मेणबत्त्या लावत होती. हरवलेलं शोधून देणारा संत तो, पण त्याला नेमकं काय शोधायचंय तेच सांगितलेलं नव्हतं.

तेव्हा डेर्व्हलाने ठरवलं होतं, या ऑगस्टला नाटक नाही. जेवढं येतंय तेवढं सगळं सांगायचं. नऊ-दहा शब्द आले तर बाकी सगळा नुसता थकवा. मग बिनधास्त आणखी एक हंगाम खेळायचा. तिने अक्षरशः या कागदाच्या आशेवर सहा आठवडे काढले होते.

“हे बघ,” डॉक्टर म्हणाले, “हा कागद मी पुढे पाठवला तर मलाच हसतील लोक. पाचवर तुला खेळायला सोडायचं कसं? दहा मिनिटं बाहेर जाऊन ये. दुसरी यादी काढतो. या वेळी नेहमीसारखं सहावर थांब, नाहीतर एकदा तरी खरं सांग. मला आवडेल ते.”

“बरं,” डेर्व्हला म्हणाली.

दार नीट लागत नव्हतं. त्याची कडी कित्येक वर्षं सैल होती आणि ते बोटभर उघडंच राहायचं. बाहेर बाकावर म्युरिन बसली होती, एका कानात गाणी, मांडीवर वेफर्सचं पाकीट. बावीस वर्षांची, गॉलवेची. स्क्रममध्ये डेर्व्हलाच्या उजव्या काखेत हिचं डोकं असायचं. संघात येऊन दोन महिने झाले होते आणि आज तिची पहिलीच चाचणी.

“काय आजी, एवढा वेळ?” तिने पाकीट पुढे केलं. “तुझं ऐकत होते मी. महिन्यांचं मस्तच केलंस गं. सप्टेंबर गायब! चेहरा काय पाडला असशील तेव्हा.”

डेर्व्हलाने वेफर घेतला आणि तो नुसताच हातात धरून ठेवला. “तुला आत बोललेलं सगळं ऐकू आलं?”

“दार उघडंच होतं. यादीसुद्धा पाठ झाली माझी. बादली, मेंढी, काच, पूल, लोणी, शिट्टी, कोट, दगड, खिडकी, मीठ.” म्युरिनने बोटं चाटली. “आता मी चार विसरायचे ना? कोणते विसरू? शिट्टी नको, शिट्टी विसरले तर संशय येईल.”

पूल. लोणी. शिट्टी. कोट. दगड. डेर्व्हला ते पाचही शब्द तिच्या तोंडून ऐकत होती आणि त्यातला एकही तिला ओळखीचा वाटत नव्हता. जणू ती आत असताना ते कुणी वाचलेच नव्हते. ही पोरगी इथे गाणी ऐकत, वेफर्स खात बसली होती, आणि तिला दहाच्या दहा आले होते.

“एकही विसरू नकोस,” ती म्हणाली.

“अं?”

“सगळे सांग. महिने नीट सांग. जे विचारतील ते येतंय तेवढं सगळं सांगून टाक.”

“अगं पण मार्चमध्ये डोक्याला लागलं म्हणजे? मला बाहेर बसवतील.”

“बसायचं बाहेर.”

म्युरिन हसली, मग हसायची थांबली. “आजी, तूच तर म्हणाली होतीस ना—”

“मी म्हटलं होतं ते चुकीचं होतं.” डेर्व्हलाचा आवाज चढला होता. कॉरिडॉरच्या टोकाला फरशी पुसणाऱ्या बाईने मान वर करून पाहिलं. डेर्व्हलाने तो वेफर पुन्हा पाकिटात टाकला. “ऐकशील ना माझं? इतके दिवस ऐकलंस तसंच.”

“ऐकते,” म्युरिन म्हणाली. तिने कानातलं काढून खिशात ठेवलं. “तुला बरं वाटत नाहीये का गं?”

डेर्व्हलाने दाराच्या फटीकडे पाहिलं. आत गेलं तर दुसरी यादी असेल. तिलाही पाच आले तर? चारच आले तर? आणि समजा नशिबाने सहा आले, तर डॉक्टर सही करतील, दोन आठवड्यांनी संघाच्या यादीत तिचं नाव लागेल आणि नोव्हेंबरात ती पुन्हा पोरींच्या मधोमध मान घालून उभी राहील. याची तिला त्या सर्कलपेक्षा जास्त भीती वाटली. पण त्याच्या उलट जे होतं, त्याचीही तेवढीच वाटली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून तिने दुसरं काही केलंच नव्हतं. ती उभी राहिली, पुन्हा बसली, पुन्हा उठली आणि आत जाऊन मघासारखेच हात मांड्यांखाली दाबून बसली.

“आलीस?” डॉक्टरांनी नवा कागद समोर ओढला. “चल, तयार? पाय, घंटा—”

“डॉक्टर, आधीचाच ठेवा.”

“तो पाचवाला? गंमत पुरे आता.”

“मी गंमत करत नव्हते.”

डॉक्टरांचं पेन हवेतच राहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पहिल्या कागदाकडे. तो उचलून त्यांनी ओळीवर बोट ठेवत वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मघाशी वाचला नव्हता तसा. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“मार्चमध्ये तुझ्या डोक्याला लागलं होतं, लिमरिकच्या सामन्यात,” ते म्हणाले. “मैदानाच्या कडेला मीच विचारलं तुला. सहा सांगितलेस. गेल्या ऑगस्टला सहाच होते, म्हणून मी तुला परत सोडलं.”

“हो.”

“तेव्हा तुला किती येत होते? खरे?”

“तेवढेच. सहा. त्या दिवशी मी एकही गाळला नव्हता.”

डॉक्टर उठले. दाराशी जाऊन त्यांनी ते आत ढकललं, कडी लागेना, तेव्हा एक खुर्ची सरकवून टेकू लावला. मग येऊन टेबलापलीकडे न बसता ते तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले.

“होतंय कधीपासून हे?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. “नीट आठवून सांग. घाई नाही.”

डेर्व्हलाने मांडीखालचे हात बाहेर काढले. आता ते थरथरले तरी चालणार होतं. तिने अंगठा पहिल्या बोटावर ठेवला.

“ऑगस्ट,” ती म्हणाली. “जुलै. जून. मे. एप्रिल. मार्च.”

लिमरिकच्या त्या माराशी ती थांबेल असं वाटून डॉक्टरांनी पेन उचललं होतं.

“फेब्रुवारी,” डेर्व्हला म्हणाली आणि तिने पुढचं बोट धरलं. “जानेवारी.”