सालीच्या रंगाखाली

मित्रांनो, माझ्या अंगावर पोचे आहेत, एक कान दुसऱ्यापेक्षा वाकडा आहे आणि बूड इतके काळे पडले आहे की मी तांब्याची आहे हे सांगूनही कोणाला पटत नाही. तरीही मी तांब्याचीच कढई आहे. माझ्यात कधी भाजी शिजली नाही की तळण निघाले नाही. पाने, मुळे आणि साली उकळण्यात माझा जन्म गेला.

एका तांबटाने मला घडवले. जाड पत्रा भट्टीत लाल करून, ठोकून ठोकून त्याने मला खोलगट केले. ठोके मी खात होते आणि आवाजही माझाच होता. मग त्याने आतून कल्हई केली, कारण आंबट-तुरट काढा उघड्या तांब्यात उकळला तर तो पिण्याजोगा राहत नाही. शेवटी मला उजेडासमोर धरून त्याने डोळा बारीक केला. कुठे भोक दिसले नाही तेव्हा त्याने मला दुकानाबाहेर टांगले.

काकींनी मला तिथूनच उचलले. गल्लीतली लहानथोर माणसे त्यांना काकीच म्हणत. त्यांच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत दुकान होते. फळीवर धुतलेल्या बाटल्या, कोपऱ्यात शेगडी आणि वर दोरीला वाळत टांगलेल्या पुदिन्याच्या जुड्या. मागच्या खोलीत त्यांची लेक कपडे शिवायची. मध्ये एक पडदा होता. इकडे माझी खदखद आणि तिकडे मशीनची खडखड, असा आमचा दिवस जायचा.

काकींचे काम सावकाशीचे होते. साल किंवा मूळ आदल्या संध्याकाळी भिजत घालायचे, सकाळी मंद आचेवर चढवायचे आणि पाणी चौथाई उरेपर्यंत हलायचे नाही. पाणी किती आटले ते बघायला त्यांची एक काठी होती, तिच्यावर चाकूने खूण केलेली. मग जुन्या मऊ कापडातून गाळायचे आणि बाटल्या भरायच्या. खोकल्याला ज्येष्ठमध आणि आले, नाक चोंदले तर वाफेसाठी निलगिरीची पाने, घसा दुखला किंवा तोंड आले तर गुळण्यांसाठी डाळिंबाची साल. खरचटले, ओरखडा आला, तरी लोक तो सालीचाच काढा जखम धुवायला नेत.

आमच्या गल्लीत एक भाजीवाला होता. त्याला सगळे भोंगा म्हणत. त्याचा आवाज बसला की तो स्वतः हाताच्या खुणा करत बाटली न्यायला येई. एकदा त्याच्या मागोमाग त्याची बायको आली आणि हळूच म्हणाली, "काकी, या खेपेला जरा पातळच द्या. घरात किती दिवसांनी शांतता आहे." काकी हसता हसता खोकल्या आणि त्यांनाच गुळण्या कराव्या लागल्या.

कोपऱ्यावर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांची आणि काकींची चांगली मैत्री होती. दिवसभर बोलून घसा धरला की बाई स्वतः बाटली न्यायच्या, आणि कोणाचा ताप उतरत नसला की काकी त्या माणसाला बाईंकडे धाडायच्या. "तुमचं पाणी आधाराला, माझी गोळी लढायला," असे बाई म्हणायच्या. कोणी काढ्याची फार स्तुती केली की काकी मात्र तेवढ्यापुरत्या फुलायच्या. मीही फुलत होते, खोटे कशाला बोलू?

आता मूळ गोष्टीकडे येते. डाळिंबाच्या सालीचा रंग फार चिवट असतो. आमच्या घरात काढा तयार झाला की नाही, हे त्या रंगावरूनच ठरायचे. काकी बोट बुडवायच्या आणि पाण्याखाली धरायच्या. रंग धुऊन गेला तर काढा कच्चा, बोटावर बसला तर पक्का. त्यामुळे गडद रंग म्हणजे चांगले औषध, असे त्यांच्या मनात घट्ट बसले होते.

एके दिवशी पडद्यापलीकडची खडखड मध्येच थांबली. मशीनची सुई लेकीच्या अंगठ्यात आरपार गेली होती. शाळेच्या गणवेशांचे मोठे काम हातात होते आणि कापड सुईखाली सरकवणाऱ्या त्या अंगठ्यावरच तिचे पोट होते. काकींनी रक्त थांबवले, ताजा काढा गाळला, त्यात फडके भिजवले आणि पंजापासून कोपरापर्यंत गुंडाळले. सकाळ-संध्याकाळ हेच चालले. हात पिवळा झाला, मग तपकिरी, मग जुन्या चामड्यासारखा. काकी समाधानाने म्हणत, "रंग चढलाय. म्हणजे लागू पडतंय."

दुकानात आलेल्या माणसांनाही त्या पडदा सारून तो हात दाखवत. "दुखतंय का गं?" असे कोणी विचारले तर लेक म्हणायची, "नाही, बरं आहे." मी शेगडीवरून तिचा चेहरा पाहत होते. ती उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने टाके घालत होती. एका रात्री तिने जेवण अर्धे टाकले. पण कढई बोलू शकत नाही, आणि ज्यांना बोलता येत होते ते बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकी सालींसाठी बाजारात गेल्या. मी काळी झाले होते, म्हणून लेकीने मला घासायला घेतले. आईचे तेवढेच काम हलके होईल, असे तिला वाटले असावे. बाहेरून मला लिंबाची फोड आणि मीठ लावतात. जखमी हाताचे फडके तिने सोडून ठेवले होते. डाव्या हाताने ती लिंबू फिरवी आणि उजव्या कोपराने मला दाबून धरी. लिंबाचा रस माझ्या काठावरून तिच्या हातावर ओघळला. जिथे जिथे तो गेला तिथला तपकिरी रंग फिका पडत गेला. तिने पदराने हात पुसला, आणि खाली एक तांबडी रेघ दिसली. मनगटापासून निघालेली ती रेघ कोपरापर्यंत चढली होती.

त्याच वेळी काकी दारात आल्या. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली, लेकीचा हात धरला आणि तसाच गालाला लावला. हात भट्टीसारखा तापला होता. रंगाने झाकलेले त्यांना आता स्पर्शाने कळले.

"चल," एवढेच त्या म्हणाल्या. दार लावायचेही त्यांना सुचले नाही.

पुढचे मी पाहिलेले नाही. नंतर घरात जे बोलणे झाले त्यावरून सांगते. डॉक्टरीणबाईंनी हात स्वच्छ पुसला, लाली पुढे सरकते का ते कळावे म्हणून तिच्या कडेने पेनाने खूण केली आणि लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. विष रक्तात उतरायला लागले होते. तिथे अंगठा चिरून पू काढला आणि सलाईनमधून औषधे दिली. बाई काकींवर रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काकी, साल वाईट नाही. पण वरून रंग दिला की आतलं दिसत नाही. दिसलं असतं तर तुम्हीच हिला माझ्याकडे आणलं असतंत." त्यापेक्षा बाई रागावल्या असत्या तर काकींना परवडले असते.

लेक घरी आली. हात वाचला, अंगठा मात्र पुरता वाकेना. काकींनी बाटल्या गोणीत भरल्या, जुड्या उतरवल्या आणि मला बाकाखाली ढकलले. तिथे माझ्यात आधी जुन्या चपला पडल्या, मग फुटका कंदील, मग कोळ्याने घर केले. कल्हई काळवंडली. दुकानात माणसे यायची आणि काकी सांगायच्या, "बंद केलं." भोंगा बिचारा घसा धरून परत जायचा. मला वाटले, आता मी मोडीत जाणार.

पण एका सकाळी लेकीने मला ओढून बाहेर काढले, चपला फेकल्या आणि मला कल्हईवाल्याकडे नेऊन चकचकीत करून आणले. मग तिने डाळिंबाच्या साली माझ्यासमोर ठेवल्या. काकी खिडकीशी बसून होत्या.

"मला त्या रंगाची भीती वाटते," काकी म्हणाल्या.

"रंगाची कशाला, आई? मला ठणकत होतं आणि मी गप्प बसले. तू चार माणसांत माझा हात दाखवत होतीस. तुझ्या औषधाला मी कसं नाव ठेवणार?"

काकींनी उठून लेकीचा अंगठा हातात घेतला. मग त्यांनी विचारले, "आता ठणकतं का?"

"थंडीत, थोडं."

"मग ते मला सांगत जा." आणि त्यांनी एक साल मोडून माझ्यात टाकली.

त्यानंतर आमच्या दुकानाची रीत बदलली. गुळण्यांचा काढा पूर्वीसारखाच मिळतो. पण जखम घेऊन कोणी आले की काकी आधी साध्या पाण्याने ती धुतात आणि उजेडात नेऊन पाहतात. ताप आहे का, ठणका आहे का, सूज पसरते आहे का, असे खोदून विचारतात. परवा एक गवंडी आला. पायात गंजका खिळा गेलेला, घोटा सुजलेला. काकींनी त्याची बाटली भरलीच नाही. तो चिडला आणि म्हणाला, "दुकान काय शोभेला मांडलंय का?" काकींनी त्याला कोपऱ्यावरचा दवाखाना दाखवला आणि म्हणाल्या, "आधी तिकडे जा. माझं पाणी थांबेल, तुझा पाय थांबणार नाही." तो बडबडत, लंगडत गेला. काकी दारात उभ्या राहिल्या आणि तो दवाखान्याची पायरी चढेपर्यंत त्यांनी नजर हटवली नाही. त्या दिवशी माझ्यातला काढा थोडा जास्तच आटला.

मित्रांनो, मी पुष्कळ काढे उकळले आणि पुष्कळांना त्यांनी बरे वाटलेले पाहिले. पानांत आणि सालींत गुण आहे, हे मी माझ्या बुडाची शपथ घेऊन सांगेन. माझी आठवण राहिली तर मला वेळच्या वेळी कल्हई करा आणि आतून खरखरीत काही लावू नका. पण त्याहून मोठे मागणे हे आहे की दुखत असेल तर सांगा. औषध आईच्या हातचे असो, आजीच्या हातचे असो की डॉक्टरांच्या, "अजून दुखतंय" असे ऐकून ते कधी रुसत नाही.