खिडकीजवळची कॉट

"डॉक्टरीणबाई, चाक धर," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तशी तिने पायाने ब्रेक सोडला आणि कॉट वळवायला घेतली.

कॉटवर गाण्याच्या बाई होत्या. शाळेत मुलांना गाणं शिकवून रिटायर झालेल्या, आता आवाजच उरला नव्हता. त्यांनी भुवया उंचावून 'कुठे?' असं विचारलं.

"खिडकीजवळ, बाई. तिथे उजेड आहे, वारा येतो," ती म्हणाली.

"अरे वा, बढती झाली की माझी!" बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. ती हसली. मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. एरवी वॉर्डभर थट्टा करत फिरणाऱ्या या सिस्टर, पण कॉट हलवताना त्यांच्या तोंडून थट्टेचा एक शब्द निघत नसे.

ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. खिडकीजवळची कॉट सिस्टरांच्या टेबलाला लागून होती. जिच्यासाठी आता औषधाचा काही उपयोग उरला नाही, तिला तिथे आणायचं. म्हणजे नजर राहते, घरच्यांना भोवती बसता येतं. आणि वेळ आली की खिडकीही झाकत सरकत येणारा हिरवा पडदा कॉटभोवती ओढून घेता येतो, बाकीच्या बायकांना काही दिसत नाही. काम करणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. कॉटवर पडलेल्यांना तेवढं ठाऊक नव्हतं. त्यांना वाटे, आपलं नशीब उघडलं.

ती डॉक्टर नव्हती, नर्ससुद्धा नव्हती. 'डॉक्टरीणबाई' हे नाव झाडू मारणाऱ्या मावशींनी ठेवलेलं, तेही चिडवायला. गेल्या वर्षी ती मेडिकल कॉलेजच्या इंटरव्ह्यूला गेली होती. मार्कांना कुणी नावं ठेवावीत अशी सोयच नव्हती. समोर तीन परीक्षक बसलेले. त्यातल्या मधल्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "ज्या पेशंटसाठी आता काहीच करता येत नाही, त्याच्यासाठी तुम्ही काय कराल?" हिने आपली गाडी सोडली सुसाट. नवी औषधं, नवं संशोधन, हार मानणार नाही, अमुक आणि तमुक. बाहेर आली तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. निकाल लागला आणि दाणकन आपटली. विचारायला गेली तर सांगितलं, मार्क भरपूर आहेत, पण तुम्ही आजारी माणसाजवळ कधी बसलेल्या दिसत नाही. आधी बसा, मग या.

म्हणून ती बसली. वर्षभर या वॉर्डात तिने भांडी उचलली, वेण्या घातल्या, भरवलं, पुसलं, जिवाचं रान केलं. मोठ्या डॉक्टरांनी तिच्यासाठी शिफारसही लिहून दिली. सगळं कसं जुळून आलं होतं. आणि अशात तिची स्वतःचीच आई त्याच वॉर्डात येऊन पडली, दारापासून तिसऱ्या कॉटवर.

आई लोकांचे कपडे उसवून मापात बसवून द्यायची. जीभ कात्रीसारखी, पण मनात काही नाही. आल्या आल्या म्हणाली, "तुझ्या अर्जाला हातभार लावायला आलेय. घे, आणखी एक पेशंट!"

आणि पहिल्या दिवसापासून तिचा डोळा त्या खिडकीवर.

"तिथे सुई ओवता येईल गं मला. इथे भरदुपारी अंधार. तुझी एवढी ओळख आहे, लाव की वशिला."

"तिथे ऊन लागतं, आई."

"ऊनच हवंय मला."

"रस्त्याचा आवाज येतो. फोन सारखा वाजतो टेबलावरचा."

आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "लोकांच्या आयांना ढकलत ढकलत नेतेस तिकडे. स्वतःच्या आईचंच तेवढं जड होतं."

हे शब्द तिच्या वर्मी लागले. पण सांगणार काय? ती उशीचा अभ्रा बदलत राहिली.

मामा भेटायला आला होता. तो बसचा ड्रायव्हर, बहिणीच्या शब्दाखातर भिंत फोडेल असा. "एवढंच ना? मी टाकतो शब्द," म्हणत तो उठलाच.

"मामा, नको रे!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारची म्हातारी दचकून जागी झाली.

"का गं? तुझं काय जातंय?"

मामा छाती काढून टेबलापाशी गेला, हात जोडून काहीबाही बोलला आणि विजयी मुद्रेने परतला. "बघू म्हणाल्या!" तिने सुटकेचा श्वास टाकला. मोठ्या सिस्टर 'बघू' म्हणाल्या की ते झालंच नाही म्हणून समजावं. एकदा कुणा बड्या असामीने बायकोसाठी वॉर्ड डोक्यावर घेतला होता, तरी त्यांनी कॉट तसूभर हलवली नव्हती. नातेवाइकांच्या सांगण्यावरून त्या कॉट हलवत नसत, कधीच.

यंदाच्या इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी ती नवा कुर्ता घालून, हातात फाईल घेऊन आईला दाखवायला आली. दारातच तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. गाण्याच्या बाईंभोवती परवा पडदा ओढला गेला होता. आज तो बाजूला सारलेला होता आणि कॉटवर धुतलेली चादर ताणून घातलेली होती. म्हणजे कुणीतरी येणार. तिने वॉर्डभर नजर फिरवली. शेजारची म्हातारी घोरतेय, ती बरी आहे. पाय मोडलेली पोरगी खातेय. समोरचीला उद्या घरी सोडणार. एकेक कॉट मागे टाकत नजर पुढे गेली आणि दारापासून तिसऱ्या कॉटपाशी अडली.

"आलीस? अगं, मामाने बाजी मारली!" आईचा चेहरा नुसता फुलला होता. कंगवा, दोऱ्याची रिळं, चष्मा, सगळं पिशवीत भरून ती तयार बसली होती. "मिळाली मला खिडकी!"

ती टेबलापाशी गेली. मोठ्या सिस्टरांनी मान वर केली नाही.

"तू जा इंटरव्ह्यूला. आज तुझी गरज नाही. मावशी आणि मी ढकलतो."

वर्षभरात तिच्याशिवाय एकही कॉट हलली नव्हती.

"मामाने सांगितलं म्हणून ना, सिस्टर?"

सिस्टरांनी घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "हो गं. मामाने सांगितलं म्हणून."

"मोठे डॉक्टर काय म्हणाले?"

"राउंड होऊन गेला सकाळी."

तिने टेबलाची कड घट्ट धरली. "मी नाही जात मग."

"नाही गेलीस तर ती विचारेल, का नाही गेलीस. काय सांगशील तिला?"

सिस्टरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं, त्यांचे डोळे लाल झाले होते.

"चाक मी धरते," ती म्हणाली.

तिने ब्रेक सोडला. कॉट करकरत निघाली. "बघा गं बायांनो, काय थाट आहे माझा!" आई डावीकडे उजवीकडे मान डोलवत होती. पाय मोडलेल्या पोरीने टाळ्या वाजवल्या. मावशी मात्र फडका तोंडाला लावून बाहेर निघून गेल्या.

खिडकीपाशी आल्यावर आई कोपरावर उठली. "अय्या, बसस्टॉप दिसतो की इथून! तू जाताना दिसशील, येताना दिसशील. हे बघ, काम झालं असेल तर उतरल्या उतरल्या दोन्ही हात वर कर. मला इथेच कळेल." मग तिला जवळ ओढून कुर्त्याच्या बाहीला लोंबणारा दोरा तिने दाताने तोडला. "अशीच जाणार होतीस लोकांसमोर! वेंधळी कुठली." बाही काही तिने लगेच सोडली नाही. "जा. येताना उशीर करू नकोस."

परीक्षक तेच होते, मधल्या बाईही त्याच. फाईल चाळून त्यांनी चष्मा पुसला आणि गेल्या वर्षीचाच प्रश्न विचारला. "ज्या पेशंटसाठी काहीच करता येत नाही, त्याच्यासाठी काय कराल?"

खोलीत पंख्याचा आवाज येत होता.

"खिडकीजवळ नेईन."

"म्हणजे?"

"तिथे उजेड असतो." तिचा हात बाहीवर गेला. "आणि खोटं बोलायची वेळ आली, तर खोटंही बोलेन."

बाईंचं पेन थांबलं. "आणखी काही सांगायचंय?"

"मला आत्ता निघता येईल का?"

मधल्या बाई उठल्या आणि दारापर्यंत येऊन त्यांनीच दार उघडून धरलं. निकाल नंतर लागणार होता.

बसमधून उतरली तेव्हा समोर दवाखाना होता आणि वर ती खिडकी. तिने मान वर केली नाही. फाईल फूटपाथवर ठेवली. आधी दोन्ही हात उंच केले, अगदी ताणून, वरून नीट दिसावेत असे. माणसं वळून बघत होती, बघू देत. मग तिने मान वर केली.

हिरवा पडदा ओढलेला होता. तिने हात खाली घेतले नाहीत.