वाऱ्याच्या तोंडी लावलेला बंब

कानडी मुलखातल्या आमच्या फाट्यावरच्या अग्निशमन ठाण्यात सव्वीस वर्षं मी बंब चालवतोय. साहेब येतात आणि बदलीचा कागद घेऊन जातात, ठाणं चालतं ते माझ्या खोकल्यावर. आगीच्या जागी मी एकदा खोकलो म्हणजे पाइप उलगडा, दोनदा खोकलो म्हणजे पाणी सोडा, आणि खाकरलो म्हणजे कुणीतरी गाढवपणा करतंय. हे कुठल्या नियमात नाही, पण पोरांना पाठ आहे.

पोरांत हुशार संघपाल. नोकरीला लागला तेव्हा त्याला पाइप धड धरता येत नव्हता, मीच शिकवलं. आता आमचे साहेब निवृत्त झाले आणि ती खुर्ची संघपालला मिळायची होती. मलाही दुसरा कुणी नकोच होता, कारण बाहेरचा साहेब आला की आधी माझा खोकला बंद करतो. पण वरच्या ऑफिसानं अट घातली. तीन महिने एक प्रशिक्षक संघपालबरोबर राहणार, त्याला माणसं सांभाळायला शिकवणार आणि शेवटी अभिप्राय देणार. अभिप्राय वाईट आला तर खुर्ची दुसऱ्याला.

प्रशिक्षक म्हणून आल्या कलबुर्गीच्या ज्योत्स्ना मॅडम. पूर, भूकंप, सगळीकडे पथकं हाताळलेली बाई. मला वाटलं, शिट्टी फुंकून कवायत घेतील. पण बाई काही शिकवेचनात, नुसतं विचारायच्या. आणि त्याचा पगार घ्यायच्या.

"संघपाल, तुम्ही शेवटचा हुकूम कधी दिलात?"

संघपालनं बराच विचार केला. "परवा. बायकोला म्हनलो, चहा टाक."

"मग?"

"मीच टाकलो."

मी दारात उभा होतो, मला हसू आवरेना. बाईंनी मान वळवली. "धोंडप्पा, काहीही करायच्या आधी हे तुमच्या तोंडाकडं का बघतात?"

"मोठा हाय न्हवं मी. मोठ्या मानसाला इचारून करायची आमच्यात रीत हाय."

"दोन वर्षांनी तुम्ही रिटायर झालात की कुणाकडं बघतील?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी होऊन बाईंना सांगितलं, पुढच्या आगीत मी खोकणारसुद्धा नाही.

पुढची आग आठ दिवसांनी लागली, भर दुपारी. कमठाणा गावाच्या पुढं एका वस्तीवर इंदिराबाईंची कडब्याची गंजी पेटली होती. म्हशी सोडून बाहेर काढल्या होत्या, पण गंजीला लागूनच गोठा आणि गोठ्याला लागून घर. मॅडमही आमच्याबरोबर बंबात चढल्या. निघताना मी दोन विडे एकदम तोंडात कोंबले, म्हणजे खोकल्याला जागाच नको. रस्ताभर माझं सगळं ध्यान तोंडाकडं.

पोचल्यावर संघपाल उतरला आणि सवयीनं माझ्याकडं बघितलं. माझे गाल फुगलेले. त्यानं मॅडमकडं बघितलं. त्या गप्प. मग त्याला मॅडमची विद्या आठवली असावी. जमलेल्या साठसत्तर माणसांपुढं उभं राहून तो म्हणाला, "पानी कुटनं मारावं? तुमाला काय वाटतं?"

अहो, आमच्या भागातल्या माणसाला मत विचारायचं असतं का! तेही गंजी पेटलेली असताना!

एक म्हातारा म्हणाला, उगवतीकडनं मारा. लगेच दुसरा म्हणाला, मावळतीकडनं. त्या दोघांचं बांधावरून जुनं भांडण होतं, ते तिथंच सुरू झालं. पंचायतीचे माजी मेंबर तात्याराव बंबाच्या पायरीवर चढले आणि कानडीत भाषणच करू लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे मियाँ, पहले पानी तो मारो!" साऱ्या गर्दीत तो एकटा शहाणा. आमचा अरुणकुमार पाइप धरून जो बोलेल त्याच्याकडं वळत होता. इंदिराबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं माय, हे आग इझवायलेत का मतं मागायलेत?"

एवढ्यात वारा फिरला, असं मी नंतर सांगणार होतो. खरं म्हणजे वारा फिरलाच नव्हता. बंब लावताना वारा पाठीशी ठेवायचा, हे मी सव्वीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. आणि त्या दिवशी तोंड सांभाळायच्या नादात, वारा जिकडं आग ढकलत होता तिकडंच मी बंब उभा केला होता. गंजीचा वरचा थर ढासळला आणि पेटता कडबा उडून बंबाकडं यायला लागला.

"अण्णा, गाडी मागं घ्या!" संघपाल ओरडला.

मी हाताची घडी सोडली नाही. बंब कुठं लावायचा हे आता हा मला सांगणार?

"धोंडप्पा! गाडी मागं घे म्हनलो न्हवं! आत्ताच्या आत्ता!"

वडील गेल्यापासून मला असं कुणी बोललं नव्हतं. दोन्ही विडे गिळले गेले, आणि बंब मागं कधी गेला ते माझं मलाच कळलं नाही. तो उभा होता तिथं पेटत्या पेंढ्यांचा ढीग पडला. तात्याराव भाषण अर्धवट टाकून पळाले ते थेट बांधापलीकडं.

मग मात्र संघपालनं कुणाला काही विचारलं नाही. "अरुण, गोठ्याच्या छपरावर मार! तात्याराव, मानसं तिकडंच थांबवा! अण्णा, वळसा घालून वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावा!" मी मुकाट्यानं लावला. अर्धी गंजी गेली, पण गोठा आणि घर वाचलं. इंदिराबाईंनी सगळ्यांना ताक पाजलं.

ठाण्यात आल्यावर संघपाल रिपोर्ट लिहायला बसला. मी मागं उभा राहून वाचलं. सुबक कानडी अक्षरात लिहिलं होतं, अचानक वारा फिरल्यामुळे वाहन हलवावे लागले.

"कामून खोटं लिवायलास?"

"अण्णा, दोनच वर्षं राहिलीत तुमची. आता कशाला डाग? आन मगाशी तुमच्यावर वरडलो, तेवढं माफ करा."

ओरडला त्याचा आला नव्हता एवढा राग मला त्या माफीचा आला. मॅडम समोरच बसल्या होत्या. वाटलं, आता तरी बाई काही विचारतील. पण त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग मीच विचारलं, "माझ्या जागी अरुण असता, तर काय लिवला असतास?"

संघपालची मान खाली गेली. मग त्यानं ती ओळ खोडली आणि माझ्याकडं न बघता लिहिलं, चालकाने वाहन चुकीच्या बाजूस उभे केले. थोडा थांबला आणि पुढं लिहिलं, पहिला आदेश पाळला नाही. चालकाचं नावही घातलं, माझ्या वडिलांच्या नावासकट.

आदेशाचं मी काही बोललोही नव्हतो. ते त्यानं आपल्या मनानं घातलं. सव्वीस वर्षांत माझ्याविरुद्ध एक ओळ नव्हती, आणि पहिली लिहिली ती मी शिकवलेल्या पोरानं. फार लागलं मला. आणि शंकरासमोर उभं राहून सांगतो, एवढा आनंदही मला नोकरीत कधी झाला नव्हता.

"हितं सही करा," संघपाल म्हणाला. त्याचं बोट सहीच्या जागेवरून हललं नाही.

मी चष्मा शोधला आणि सही केली.