नाळ कुठे पुरली

ते २०२२ साल. टेक्ससमध्ये जानेवारीत कायदा लागू झाला की शाळेच्या शर्यतीत पोराने मुलींत पळायचं की मुलांत, ते त्याचा मूळ जन्मदाखला ठरवील. त्याच वसंतात एवेलिओच्या नागरिकत्वाच्या खटल्याला तारीख लागली. शाळेत पळणाऱ्या यारेत्सीचा दाखला आणि एवेलिओचा दाखला, दोन्हींखाली सही एकाच बाईची होती. नदीकाठच्या लास पाल्मितास गावात तिला सगळे दोन्या कुका म्हणत.

कुका तेव्हा अठ्ठ्याहत्तरची होती. एकतीस वर्षं तिने सुईणपण केलं. आठशे बारा बाळंतपणं, सगळ्यांची नोंद निळ्या पुठ्ठ्याच्या वह्यांत, शाईने. बाळाची नाळ गळून पडली की ती पुरायचं कामही तिचंच. मुलीची चुलीपाशी, म्हणजे ती घराला धरून राहील. मुलाची बाहेर रानात, म्हणजे तो लांब जाईल.

यारेत्सीची नाळ तिने अंगणापलीकडे मेस्किटच्या झाडाखाली पुरली, कारण वहीत तिने मुलगा लिहिलं होतं. पोर सात वर्षांची होईतो घरच्यांना कळून चुकलं की ही मुलगी आहे. गावाने वर्षभर तोंडं वाकडी केली, मग सवय झाली. सोळाव्या वर्षी ती शाळेच्या संघातून एक मैलाची शर्यत पळायची. कुका तिला चिडवायची की तुझी नाळ रानात आहे, म्हणून तुझा पाय घरात ठरत नाही. त्यावर पोरगी म्हणायची, "मग भांडी तूच घास, आजी. चुलीपाशी माझं काय पुरलंय?"

मार्चमधल्या एका रविवारी यारेत्सी आणि तिची आई नोएमी गोड पाव घेऊन कुकाकडे आल्या. नोएमी कुकाला मायेने कोमाद्रे, म्हणजे जिवाभावाची बाई, म्हणायची. शाळेने यारेत्सीला मुलींच्या संघातून काढलं होतं. कायद्यात एकच फट होती. दाखला लिहितानाच चूक झाली असेल, तर दुरुस्ती ग्राह्य धरायची. लिहिणारीने शपथेवर तसं सांगितलं, तर जिल्ह्याचा न्यायाधीश दाखला बदलायचा हुकूम देऊ शकत होता.

कुकाने कॉफी ओतली आणि कागदावर खोटं लिहिणारी बाई आपण नव्हे, असं सांगितलं.

"खोटं कसलं, आजी?" यारेत्सी म्हणाली. "तू घाईत पाहिलंस, घाईत लिहिलंस. चुकले, एवढंच सांग. चुकली होतीसच ना?"

नोएमीने लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. कुका पावाचे तुकडे करत बसली. शेवटी तिने वही जशी आहे तशीच राहील असं सांगितलं, आणि त्या दोघी उठल्या.

खरं कारण तिने सांगितलं नाही. एवेलिओ ट्रक चालवायचा, त्रेचाळीस वर्षांचा, तीन लेकरांचा बाप. पासपोर्ट मागायला गेला, तर सरकारने त्याच्या जन्मावरच संशय घेतला. त्या खोऱ्यात पूर्वी काही सुईणींनी नदीपलीकडे, दुसऱ्या देशात जन्मलेल्या मुलांना पैसे घेऊन अलीकडचे दाखले दिले होते. तेव्हापासून सुईणीची सही दिसली की अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठी पडायची. एवेलिओ मात्र हसायचा. "तुझ्या हातात जन्मलो, कुका, आणि हे म्हणतात जन्मलोच नाही. मग हप्ते कोण फेडतोय?" त्याच्या वकिलाने कुकाला बजावलं होतं, की एक चूक कबूल केलीत तर आठशे बारा दाखले संशयात येतील.

वकिलाला ठाऊक नव्हतं, की एवेलिओ खरोखरच पलीकडे जन्मला होता. त्याची आई अँपारो कुकाची लहानपणची मैत्रीण. कुकाकडे यायला निघायच्या आतच तिला बहिणीच्या घरी कळा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी ती पोराला शालीत गुंडाळून पूल ओलांडून आली. उभं राहवत नव्हतं तिला. कुकाने तिला झोपवलं आणि वहीत आपल्या घराचा पत्ता लिहिला. एक पैसा घेतला नाही. एकेचाळिसावी नोंद. जाणूनबुजून लिहिलेली खोटी नोंद तेवढीच.

एप्रिलमध्ये एवेलिओच्या खटल्याला अर्धं गाव कोर्टात गेलं. सरकारी वकिलाने विचारलं, एकतीस वर्षांत एकही नोंद चुकली नाही? कुका नाही म्हणाली. मग एवेलिओबद्दल विचारल्यावर ती म्हणाली, "त्याची नाळ मी माझ्या हाताने माझ्या घरामागच्या रानात पुरली आहे." हे अक्षरशः खरं होतं. नाळ आठवड्याने गळते, तोवर पोर अलीकडे आलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर एवेलिओने तिला मिठीच मारली. तो गेल्यावर नोएमी जवळ आली.

"कोमाद्रे, अँपारो त्या आठवड्यात कुठे होती, ते माझ्या आईला माहीत होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही. यारेत्सीलाही नाही. तिला वाटू दे, की तुम्हाला खोटं बोलताच येत नाही."

कुकाने एका खोट्याच्या राखणीसाठी खऱ्या चुकीला बरोबर ठरवलं होतं, आणि ते कळायला तिला त्या पायऱ्या उतराव्या लागल्या.

एवेलिओ जिंकला. त्याला पासपोर्ट मिळाला. अजून ट्रक चालवतो, आणि परतताना कुकासाठी संत्र्यांची पिशवी आणतो. त्याला काहीच माहीत नाही.

नोएमीच्या अर्जावर जिल्ह्याच्या न्यायाधीशाने दोन पानी निकाल दिला की सुईणीची नोंद कायम. यारेत्सी मुलांत पळाली नाही. त्या हंगामभर मैत्रिणींच्या वेळा घड्याळावर मोजत कठड्यापाशी उभी राहिली, मग तेही सोडलं. आता सान अँटोनिओत दाताच्या दवाखान्यात काम करते. सकाळी एकटीच पळते, असं ऐकू येतं. पहिल्या नाताळला तिने कुकाला कार्ड पाठवलं होतं, नुसत्या सहीचं. नंतर नाही.

नोएमी रस्त्यात भेटली की नमस्कार करते, पण कोमाद्रे म्हणत नाही. परक्या बाईला म्हणतात तसं सेन्योरा म्हणते.

कुका एकटीच असते. एका सकाळी रेडिओवर एकाच बातमीपत्रात दोन्ही गोष्टी आल्या. जन्माने मिळणारं नागरिकत्व आणि मुलींच्या शर्यती, दोन्ही प्रश्न वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टापुढे होते. तिने रेडिओ बंद केला आणि वह्या काढल्या. एकेचाळिसावी नोंद जशी होती तशीच ठेवली. यारेत्सीची, सातशे सत्त्याण्णवावी, उघडली. 'मुलगा' खोडून वर 'मुलगी' लिहिलं, शेजारी लिहिलं, 'लिहिताना माझी चूक झाली', आणि खाली सही, तारीख.

ती वही आता कोणी मागत नाही.