पंखा बंद असताना

फोटो बरा निघाला तर झ्वानेला दुकानाच्या दारावर दोन डोक्यांचा शाही गरुड लावायला मिळणार होता. गरुड म्हणजे आरमाराचा मान्यताप्राप्त छायाचित्रकार. पोला बंदरात असा गरुड तेव्हा एकाच दारावर होता, आणि तो माणूस झ्वानेहून वाईट फोटो काढायचा. एवढ्या प्राप्तीपायी हा छप्पन्न वर्षांचा, गुडघे धरलेला माणूस पोट आत ओढून पाणबुडीच्या तोंडातून खाली उतरत होता, आणि मी वर तिच्या लोखंडी पाठीवर फोटो उमटवायच्या काचांची पेटी मांडीवर घेऊन बसले होते.

मी लुत्से, त्याची मेहुणी. बहीण गेल्यापासून त्याच्या दुकानात काचांवर पेन्सिल चालवते. खलाशांच्या तोंडावरचे देवीचे वण घालवते, अधिकाऱ्यांच्या हनुवट्या एकावर आणते. खलाशांना बोटीच्या पाठीवर ओळीत उभं करणं हा आमचा रोजचा धंदा. आतला फोटो मात्र पोलात कुणी काढला नव्हता. लेफ्टनंट रेहमानला तो व्हिएन्नाला, बादशहाच्या दरबारी जाणाऱ्या अल्बमसाठी हवा होता. त्यातून त्याला काय मिळणार होतं ते त्याला ठाऊक; मिशांना मात्र सकाळीच मेण लावलेलं होतं.

रात्रभर बॅटऱ्या भरल्या होत्या. भरल्या की त्यांतून पेट घेणारा वायू सुटतो, म्हणून नंतर दोन तास पंखा चालवायचा, हे त्या बोटीवरच्या स्वयंपाक्यालासुद्धा पाठ. पण पंखा चालू असला की बोटीचं पोट थरथरतं, आणि थरथरत्या जमिनीवर कॅमेरा ठेवला की माणसांना दोन-दोन नाकं येतात. हे झ्वानेला पाठ. त्यानं पंखा बंद करायची विनंती केली. लेफ्टनंटनं तसा हुकूम दिला. बॅटऱ्या सांभाळणारा बेपो लुकेझ पंख्यासाठी आणखी अर्धा तास मागत होता. झाकणाच्या भोकातून त्याचं डोकं तेवढं मला दिसत होतं, आणि घसा खरवडून तीच गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

"लुकेझ, फोटोला घाबरतोस की बायकोला?" लेफ्टनंट म्हणाला. सगळे हसले. पंखा थांबला.

झ्वानेनं ताकीद दिली: कॅमेऱ्याचं टोपण काढलं की कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. मॅग्नेशियमची पूड पेटली, भोकातून पांढरा उजेड वर आला. मग लेफ्टनंटच्या शिव्या. ऐन क्षणी बेपोनं पंख्याच्या खटक्याकडे हात टाकला होता आणि लेफ्टनंटनं त्याचं मनगट धरलं होतं. चित्र बिघडलं. झ्वानेनं ती काच वर माझ्या हातात दिली. "टाकून देऊ नकोस," म्हणाला, "काच खरवडून पुन्हा वापरता येते."

"आता सगळे पुतळे," लेफ्टनंट खाली म्हणाला. "पुन्हा."

दुसऱ्या खेपेला कुणीही हललं नाही.

आवाज मला आठवत नाही. पाठीखालचं लोखंड उसळून मला लागलं, आणि भोकातून निळसर जाळ डोलकाठीएवढा वर गेला. त्यामागून लेफ्टनंट आला. शिडीला तोच सर्वांत जवळ होता. त्याच्या हातांची कातडी मोज्यांसारखी लोंबत होती. मग झ्वाने, उजव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्त. मग बराच वेळ कुणी नाही, फक्त ओरडणं. मग तेही नाही. तिघं गेले. बेपो खटक्यापाशी सापडला. त्याची बोटं सरळ करायला दोन माणसं लागली.

आठवड्याच्या आत चौकशीचा कागद लिहून तयार: लुकेझनं हुकूम नसताना पंखा बंद केला, निष्काळजीपणा. निष्काळजी माणसाच्या विधवेला निवृत्तिवेतन नाही. बेपोची बायको फुमा पोटुशी होती. ती दुकानात येऊन बसली, काही मागितलं नाही. माझ्या नवऱ्याचा फोटो आहे का, एवढंच विचारलं.

झ्वानेनं मला ती बिघडलेली काच औषधात धुऊन चित्र उठवायला लावलं. त्याच्या डोळ्यांवर अजून पट्टी होती, म्हणून मी ती उजेडाला धरून त्याला वाचून दाखवली: बेपोचा हात, खटका, लेफ्टनंटची मूठ. तो म्हणाला, "आणि मी?"

"तुम्ही कॅमेऱ्यामागे, भाऊजी. तुम्ही कुठल्याच फोटोत नसता."

ती काच आहे हे लेफ्टनंटलाही माहीत होतं. हात कापसात गुंडाळून, दोन दांडगे खलाशी घेऊन तो आला. काच द्या, गरुड घ्या, असं सरळ बोलणं केलं. झ्वानेनं नाही म्हटल्यावर खलाशांनी त्याला गल्ल्यावर आपटला. बरगडी मोडल्याचं मला ऐकू आलं. मग जुन्या काचांच्या फळ्या ओढून पाडल्या. वीस वर्षांचे चेहरे, नवरदेव, पहिल्या गणवेशातली पोरं, बुडालेली, म्हातारी झालेली, सगळी घोट्याएवढ्या थरात फुटली. ती काच माझ्या झग्याखाली मांडीला बांधलेली होती. मी कोपऱ्यात उभी राहून रडत होते, तेही खोटं नव्हतं. काचेची कड मांसात गेली होती. जाताना त्यांतला एक म्हणाला, "माफ करा मावशी, माझाही फोटो होता यात."

त्या काचेपायी पुन्हा भरलेल्या चौकशीपुढे झ्वाने काठी टेकत उभा राहिला. काच समोर ठेवली. लेफ्टनंटनं शांतपणे विचारलं, पंखा बंद करा असं आधी कोण म्हणालं? त्याला वाटलं, म्हातारा इथं अडणार.

"मीच," झ्वाने म्हणाला. "मला नाकं एक-एक हवी होती. बेपो नको म्हणत होता. तुमची मूठ बघा, साहेब, छान आली आहे."

आता कुणी काय किंमत भरली ते बघा. लेफ्टनंट दुसऱ्या बंदरात गेला, पुढच्या वर्षी त्याला बढतीही मिळाली. झ्वानेच्या दुकानात पाय टाकायला खलाशांना बंदी झाली. तो एका डोळ्यानं खेड्यांतल्या लग्नांचे फोटो काढत हिंडतो, पूड वापरत नाही. फुमाला निवृत्तिवेतन लागलं. महिन्याच्या एक तारखेला ती पोराला कडेवर घेऊन कचेरीत जाते आणि नवऱ्याच्या कागदावर सही करते. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. निष्काळजीपणा हा शब्द त्यांनी नियमाप्रमाणे खोडला आहे. एकच बारीक रेघ मारली आहे. रेघेखालचा शब्द सगळा वाचता येतो.